मधलं दार उघडणाऱ्या काकूंना

काकू,

हे तुमच्या तोंडावर सांगायला मी तीनदा खाली बसले. तिन्ही वेळा तुम्ही "बरं बरं, आधी चहा घे" म्हणून विषय मोडलात. म्हणून आता लिहिते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. नागपूरच्या खामल्यातल्या एका जुन्या घरात माझ्यासाठी काय झालं, ते लोकांना कळलं पाहिजे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी अमरावतीहून नागपूरला आले. तिथे होस्टेलला आम्ही एका खोलीत चौघी होतो. खिडकीत एक लोखंडी कूलर, आणि त्यात पाणी कोणी भरायचं यावरून रोजची भांडणं. पण मेसला एक वेळ गेलं नाही तर तिघी येऊन विचारायच्या, "काय झालं गं?" नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रात नोकरी लागली तेव्हा आईने गल्लीभर पेढे वाटले. तीन तासांचा तर रस्ता, असं मीही म्हणत होते. मात्र नोकरी सुरू झाल्यावर दिवसभरात आपल्याला कोणीच काही विचारत नाही, याची मला कल्पना नव्हती. खापरीहून मेट्रोने परत यायचं, कुलूप उघडायचं, डबा खायचा, झोपायचं. एकदा शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता.

पहिलं घर मिळालं ते वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. घरमालकांच्या स्वतःच्या घरात तीन कूलर. मी कूलर लावायचा म्हटलं तर महिन्याला दीड हजार वेगळे, वर पाण्याची टाकी रिकामी होते म्हणून रोज बोलणी. पहिला पगार हातात यायला दीड महिना लागणार होता, तेव्हा पंख्यावरच काढू म्हटलं. रात्री दोन वाजता ओढणी ओली करून अंगावर घ्यायचे, ती अर्ध्या तासात खडखडीत वाळायची. मे महिन्यात एक दिवस ऑफिसमध्ये चक्कर येऊन पडले. घरमालकांना कळलं, तर त्यांनी एवढंच विचारलं की भाडं वेळेवर येईल ना. सोडताना डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापले. दीड महिन्यात मी भिंतीला एक खिळासुद्धा ठोकला नव्हता. ते पैसे मी विसरेन, तो प्रश्न विसरणार नाही.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या दोन दिवस आधी तुमच्याकडे आले. जिन्याकडून वेगळं दार असलेली मागची खोली. तुमच्या हॉलमध्ये आणि माझ्या खोलीत एक मधलं दार होतं, पण भाडेकरूची खोली म्हणून दोन्ही बाजूंनी कडी, आणि तुमच्या बाजूने त्याला टेकवलेलं लोखंडी कपाट. कूलरचं मी विचारलंच नाही. विचारायची भीती बसली होती.

तिसऱ्या दिवशी घरी आले तर कपाट सरकवण्याचा आवाज. पाण्याचे कॅन आणणाऱ्या दादाला तुम्ही थांबवून घेतलं होतं. मग तुमच्या बाजूची कडी निघाली आणि दारावर टकटक झाली. तुमचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात : "पोरी, तिकडली कडी काढ. अन् तुह्या खोलीची मागची खिडकी उघडी ठेवत जाय. हवेले निघाले वाट नाही भेटली त कूलर नुसती उमस करते."

मला खरंच वाटलं की मी तुमच्यावर उपकार करते आहे! आणि बोलणं खरंही होतं. कूलर म्हणजे वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपवून कोरडी हवा थंड करायची. ती ओली हवा बाहेर गेली नाही तर खोलीत चिकचिक होते. त्या रात्री हॉलमधून वाळ्याचा वास घेऊन वारा माझ्या खाटेवरून मागच्या खिडकीतून गेला. दीड महिन्यात पहिल्यांदा मी सकाळपर्यंत झोपले.

जूनमध्ये तुमची भाची आली. तिने गॅलरीची खिडकी उघडली आणि म्हणाली, "आत्या, ही तर तू कधीच बंद करत नाहीस, मोगऱ्याचा वास येते म्हणून." तुम्ही तिला डोळ्यांनी गप्प केलंत. मी पाहिलं, काकू. तुमच्या कूलरच्या हवेला जायला वाट आधीपासूनच होती. ती तुम्ही बंद केलीत, कारण ती उघडी असती तर हवा माझ्या खोलीपर्यंत पोहोचलीच नसती. ऐन मोगऱ्याच्या दिवसांत तुम्ही त्या खिडकीला आतून कडी लावून झोपत होतात. आणि एकट्या राहता, तरी चार दिवसांच्या ओळखीच्या मुलीसाठी घरातलं दार रात्रभर सताड उघडं ठेवत होतात.

त्याच मे महिन्याच्या शेवटी नागपुरात ५६ अंश तापमान नोंदवल्याची बातमी पसरली होती. तो यंत्रातला दोष असल्याचं नंतर हवामान खात्याने सांगितलं, पण तोवर आईचा रडत फोन आला होता. फोन तुम्ही माझ्या हातातून घेतलात आणि म्हणालात, "तिची खोली थंडी आहे, तुम्ही नका काळजी करू." तेव्हापासून आई आधी तुमची चौकशी करते, मग माझी.

ही माणुसकी या शहरात आहेच, आता मला दिसते. एप्रिल उजाडला की लोक फाटकाबाहेर माठ आणून ठेवतात, झाडांना पाखरांसाठी सकोरे बांधतात, सिग्नलवर हिरव्या जाळ्यांच्या सावलीत अनोळखी माणसं एकमेकांना जागा देतात. मी नागपूरला निर्दय म्हणत होते, तेव्हा हे सगळं रस्त्यावरच होतं. पण घराच्या आत, कडी काढून, समोरच्याला ओझं वाटू नये म्हणून स्वतःचीच गरज सांगून दिलेलं मी फक्त तुमच्याकडे पाहिलं.

या वर्षी ताट्या मी बदलून आणते, वाळ्याच्याच. माझ्या खोलीसाठी छोटा कूलरही बघून ठेवलाय, म्हणजे तुमची गॅलरीची खिडकी उघडी राहील. मोगऱ्याला कळ्या धरल्या आहेत, काल पाणी घालताना पाहिल्या. मधलं दार तेवढं लावू नका.

तुमची,
मागच्या खोलीतली पोरगी