शिक्षा कशाला म्हणायचं

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, ‘निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणजे शिक्षाच ना गं?’ फोनवर तुला कायम घाई, म्हणून लिहून पाठवते. एबीएच्या (अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस, म्हणजे वर्तनाचं कारण शोधून मुलांना शिकवायची आपली थेरपी) परीक्षेत यावर हमखास प्रश्न असतो आणि ऑटिस्टिक मुलांच्या सेंटरमध्ये तर रोजच असतो.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा चांगल्या-वाईटाशी काही संबंध नाही. काही दिलं की अधिक, काही काढून घेतलं की वजा. त्यानंतर ते वर्तन वाढलं तर रीइन्फोर्समेंट, म्हणजे आपल्या पुस्तकातलं प्रबलन. कमी झालं तर पनिशमेंट. गाडीत बेल्ट लावला की ती टिंगटिंग थांबते, म्हणून माणूस बेल्ट लावायला लागतो. हे निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. यात शिक्षा कुठे आली?

नाव ठरतं ते पुढे काय झालं यावरून. आपल्या मनात काय होतं याला कुणी विचारत नाही. समज, गणिताचा तास सुरू झाला की एक मुलगा वही फेकतो आणि बाई त्याला वर्गाबाहेर उभं करतात. बाईंच्या लेखी ही शिक्षा. पण पुढच्या आठवड्यात वही जास्तच उडायला लागली, तर बाईंनी त्याला शिक्षा केलीच नाही, गणितातून सुटका दिली. शिवाय तो बाहेर गेला की वर्ग शांत होतो, म्हणून बाईंनाही तीच सवय लागते. दोघांचंही प्रबलन छान चाललंय, गणित तेवढं राहिलं!

म्हणून आधी फंक्शन शोधायचं: मुलाला त्यातून मिळतं काय? लक्ष, सुटका, हवी ती वस्तू, की नुसता शरीराला मिळणारा अनुभव? स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांवर ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली हेच तपासलं होतं. वरून सारखं दिसणारं वर्तन वेगवेगळ्या मुलांत वेगवेगळ्या कारणांनी टिकून होतं. मात्र त्याआधी कान, दात, पोट दुखत नाही ना, हे डॉक्टरांकडून बघून घ्यायचं. ते राहून जातं.

एक्स्टिंक्शन म्हणजे वर्तनातून आधी जे मिळायचं ते मिळणं बंद करणं. त्याला लोक सरसकट ‘दुर्लक्ष करा’ म्हणतात, ते अर्धवट आहे. दुर्लक्ष लागू पडतं ते लक्ष वेधण्यासाठी केलेल्या वर्तनाला. सुटकेसाठी वही फेकणाऱ्याकडे दुर्लक्ष केलंस तर त्याला हवं तेच मिळालं. आणि सुरुवातीला कधीकधी वर्तन उसळतं, तो एक्स्टिंक्शन बर्स्ट. रिमोटचे सेल संपले की आपण बटण जोरजोरात दाबतो ना, तसंच. नेमकी तेव्हा माघार घेतली की मूल शिकतं, एवढं ओरडावं लागतं. त्यापेक्षा त्याला ‘ब्रेक हवा’ असं कार्ड दाखवायला शिकव, आणि दाखवलं की लगेच ब्रेक दे.

वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनरचे मँड आणि टॅक्ट हे बोलण्याचे प्रकार तुला कंटाळवाणे वाटतात, पण मला तेच सगळ्यात उपयोगी पडले. चित्र बघून ‘पाणी’ म्हणणं हा टॅक्ट. तहान लागल्यावर ‘पाणी’ मागणं हा मँड. एक आला म्हणजे दुसरा येतोच असं नाही. पन्नास चित्रांची नावं घडाघडा सांगणारं मूल माठाजवळ रडत उभं राहतं, आणि आई-वडील म्हणतात, याला शब्द तर येतो! अशा वेळी चित्रं बाजूला ठेवायची आणि पेला हातात घ्यायचा.

आता थोडं कडू. ओ. इव्हार लोवास यांचा ऑटिस्टिक मुलांवरच्या या थेरपीचा १९८७ चा अभ्यास तुला आदराने शिकवतील. त्यांच्या आधीच्या कामात मुलांना चापट्या आणि विजेचे झटके दिले होते, हेही माहीत असू दे. आज मोठे झालेले कितीतरी ऑटिस्टिक लोक या थेरपीबद्दल रागाने बोलतात. ते ऐक, वाद घालू नकोस. १९६८ साली बेअर, वुल्फ आणि रिसली यांनी एबीए कशाला म्हणायचं हे मांडताना त्यातल्या ‘अप्लाइड’ची अट घातली होती, की वर्तन माणसाच्या आणि समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचं असावं. हात फडफडवणं थांबवायचं ध्येय कुणी फाइलमध्ये लिहिलं, तर ते कुणाला महत्त्वाचं आहे, हे विचारायला लाजू नकोस.

एबीसीच्या (आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं) नोंदीत ‘हट्टीपणा केला’ असं लिहू नको. ‘वही समोर ठेवली, त्याने ती फेकली, बाईंनी वही उचलून घेतली’ असं लिही. पहिल्या आठवड्याचे तक्ते मुलांची नावं झाकून मला पाठव, आणि जेवणाच्या सुट्टीत जेवत जा.

तुझी,
आई