इंजिन खोलल्याशिवाय किंमत कशी ठरते?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

पाडवा जवळ आला की आपल्या पेपरातल्या छोट्या जाहिरातींत जुन्या गाड्यांची गर्दी होते. ‘इंजिनचे किरकोळ काम’ असे लिहून पन्नास-साठ हजारांनी स्वस्त दिलेल्या गाड्याही त्यात असतात. शिवाजी उद्यमनगरात माझे आयुष्य इंजिन बोरिंगच्या, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कातून सारखे करण्याच्या, मशीनवर गेले, त्यामुळे अशी गाडी घ्यावी का, हे विचारायला ओळखीचे लोक अजून घरी येतात. म्हणून हे पत्र.

परवा पुतण्या आला. तो गोकुळ शिरगावला फाउंड्रीत आहे, घर गारगोटीकडे. महामार्गालगतच्या एका दुकानातली २०१४ सालची डिझेल गाडी त्याच्या मनात भरली होती. विक्रेत्याने दोष लपवला नव्हता. “हेड गॅस्केट गेलंय, दहा-बारा हजारांत काम होतंय, म्हणून तर दोन लाख दहाला देतोय,” असे त्याने तोंडावर सांगितले होते. (हेड म्हणजे इंजिनचा वरचा, झाकणासारखा भाग; तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सीलची पट्टी म्हणजे गॅस्केट.) पुतण्या म्हणाला, “काका, माणूस खरं बोलतोय, मग अडतंय कुठं?”

गॅस्केट गेले हे खरेच असेल. पण ते कशामुळे गेले आणि गेल्यावर गाडी किती पळवली, हे बऱ्याचदा विक्रेत्यालाही ठाऊक नसते. गॅस्केट बहुधा इंजिन तापून जाते. अ‍ॅल्युमिनियमचे हेड जास्त तापले की वाकते. थोडे वाकले असेल तर फेसिंग मारून, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करून, भागते, चिरले असेल तर हेडच बदलायचे. पिस्टनवरच्या रिंगांचा ताण गेलेला असू शकतो. पाणी ऑईलमध्ये उतरले असेल तर क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची, बेअरिंगही खराब झालेली सापडतात. बाहेरून लक्षण एकच दिसते, पण खर्च दहा हजारांवर थांबेल की लाखाच्या घरात जाईल, हे वरून कोणताही मिस्त्री सांगू शकत नाही.

मी पुतण्याबरोबर गेलो तेव्हा बॉनेट आधीच गरम होते. तापलेले इंजिन बऱ्याच खोडी झाकते. म्हणून सकाळी परत येतो, तोवर चावी लावू नका, असे सांगून आलो. सकाळी ऑईलचे झाकण काढले तर आतून दुधाळ, चिकट थर. रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून गाडी चालू केली, तर पाण्यात बुडबुडे सुरू झाले आणि मागून पांढरा धूर काही केल्या थांबेना. मी विक्रेत्याला म्हणालो, गॅस्केट गेल्याच्या खुणा दिसतात, पण आतले नुकसान किती हे कळायला हेड खोलू या, गाडी घेतली नाही तरी खोलण्या-बसवण्याची मजुरी आम्ही देतो.

हेड उतरवले की सिलिंडरच्या वरच्या काठाजवळ आतून नख फिरवायचे. नख अडकले तर रिंगांनी तिथे कड पाडली आहे, म्हणजे बोअर (सिलिंडरचे आतले भोक) झिजला. मग बोअर गेज घालून वर, मधे, खाली आणि उभे-आडवे माप घ्यायचे. टेपर (वर-खालच्या मापातला फरक) किती, ओव्हल (उभ्या-आडव्या मापातला फरक) किती, हे कळले की बोअर करायचा का ते कळते, आणि खर्चाचा आकडा कागदावर मांडता येतो. विक्रेता तयार झाला नाही. पुतण्याने गाडी सोडली. तो थोडा नाराज आहे, पण मला त्याचे वाईट वाटत नाही.

इंजिन बिघडलेली गाडी घेऊच नये, असे मी म्हणत नाही. एका शिक्षकांनी ऑईल खाणारी पेट्रोल गाडी माझ्या सांगण्यावरून घेतली. मालकाने आधी खोलू दिली, व्हॉल्व्ह सीलचे (व्हॉल्व्हपाशी ऑईल गळू न देणाऱ्या सीलचे) काम निघाले, बोअर चांगला होता. ती गाडी आजही आंबोलीचा घाट चढते. मालक खोलू देत नसेल, तर पूर्ण इंजिनाचे काम धरून किंमत करावी आणि तेवढ्यात जमत नसेल तर उठावे.

आपल्याकडे पुराचीही भीती आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. एअर फिल्टरमधून पाणी आत गेलेले असताना कोणी स्टार्टर मारला, तर सिलिंडरमध्ये हवेसारखे पाणी दाबले जात नाही, पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकलेल्या रॉडवरही गाडी काही काळ चालते, मग एक दिवस रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. जुनी गाडी बघताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा आणि सीटखालच्या पट्ट्यांवर हात फिरवा. गाळ आणि गंज तिथे राहतोच.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी आरटीओच्या अधिकारपत्राचा नियम लागू झाला आहे. आमच्या आरटीओ कार्यालयाने अशा अधिकृत विक्रेत्यांची यादी दारातच लावावी आणि आपल्या पेपरातूनही छापून आणावी, ही विनंती. दुसरे मागणे जास्त महत्त्वाचे. ‘इंजिनचे काम आहे’ एवढे तोंडी सांगून विक्रेता मोकळा होतो, आणि उद्या लाखाचा खर्च निघाला की ‘आम्ही सांगितलेच होते’ म्हणतो. गिऱ्हाईक ग्राहक आयोगात गेले तरी हातात कागद नसतो. म्हणून कोणता दोष माहीत आहे, इंजिन कधी खोलले होते का, त्यात काय बदलले आणि गाडी पुरात होती का, हे सही-शिक्क्यानिशी लिहून देणे विक्रेत्यावर बंधनकारक करावे. तोपर्यंत निदान आपण गिऱ्हाइकांनी हा कागद हातात पडल्याशिवाय इसार देऊ नये.

आपला,
एक निवृत्त बोरिंग कारागीर, कोल्हापूर