ओढ्यावरच्या आजोबांना

आजोबा, सा. न.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, ठाऊक आहे. शनिवारी ओढ्यावर भेटलात की अर्थ सांगेन. पण आभार मला माझ्याच भाषेत मानायचेत.

डिसेंबरात इथे, कॅनडातल्या बर्नाबी शहरात बर्फ पडला आणि तो वितळवायला आमच्या पार्किंगमध्ये पोतीच्या पोती मीठ ओतलं गेलं. मागे दहा पावलांवर ओढा. नोव्हेंबरात त्याच ओढ्यात कोहो सॅल्मनच्या माद्यांनी शेपटीने खडी उकरून अंडी घातलेली. मॅनेजरला सांगितलं तर म्हणाला, "कुणी घसरून पडलं तर तुम्ही भरून देणार का?" एका कार्यालयात फोन केला, त्यांनी दुसरा नंबर दिला. दुसऱ्यांनी पुन्हा पहिलाच!

मी रायगडची. बांध फुटून खारं पाणी शिरलं की भाताचं शेत कसं मरतं, ते लहानपणी पाहिलंय. म्हणून जीव जळत होता.

मग तुम्ही आलात. ओढ्यात खारेपणा मोजायचं मीटर बुडवलंत, आकडा पाहून नुसतीच मान हलवलीत. तुमच्याकडूनच कळलं, की लिटरमागे 35 ग्रॅम मिठाच्या समुद्रात वाढणाऱ्या या माशाच्या अंड्याला मात्र गोडंच पाणी लागतं. फलन झाल्याबरोबर अंडं पाणी शोषून फुगतं, टणक होतं. त्या वेळी मीठ फार असलं तर ते नीट फुगतच नाही. पाण्यातल्या जीवांसाठी कॅनडात मिठातल्या क्लोराइडची दीर्घकाळाची मर्यादा लिटरमागे 120 मिलिग्रॅम आहे. बर्फ वितळला की मिठाचा लोंढा एकदम येतो, तो वेगळाच.

पण मला आठवतं ते पुढचं. तुम्ही गाडीतून झाडू-सुपली काढलीत आणि गुडघे टेकून, न विरघळलेलं मीठ गोळा करायला लागलात. सत्तरी उलटलेला माणूस! मॅनेजरसाहेब काचेआडून कॉफी पीत बघत होते. ते मीठ कॉफीच्या जुन्या डब्यात भरून तुम्ही माझ्या लेकीच्या हातात दिलंत. "पुढच्या बर्फाला हेच. मूठभर पुरतं."

कुणाला दोष नाही, भाषण नाही. अशी माणसं आहेत म्हणूनच 2012 साली इथल्याच स्टिल क्रीक या ओढ्यात जवळजवळ ऐंशी वर्षांनी चम जातीचे सॅल्मन परतले असतील.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "सॅल्मन म्हणजे आपला रावसच ना?" नाही गं आई, ते नुसतं बाजारातलं नाव. तिनेही तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

डबा दाराशीच आहे. त्यानंतर दोनदा बर्फ पडला, तरी अर्ध्याहून जास्त मीठ शिल्लक आहे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची