माझं उदाहरण सानूला देऊ नका

हॅम्बुर्ग,
६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर सगळेच एकदम बोलतात आणि मला जे सांगायचं असतं ते राहून जातं, म्हणून लिहायला बसले. सध्या मासेमारी बंद आहे. बोट शाकारून ठेवली असेल, तू पडवीत जाळं घेऊन बसला असशील. सावकाश वाच. वहिनीला आणि आईला मोठ्याने वाचून दाखव.

गेल्या रविवारी सानू म्हणाली, "आत्या, मला इंजिनाचं शिकायचंय." तुम्ही सगळे हसलात. त्यात वाईट हेतू नव्हता, ठाऊक आहे मला. मग वहिनी म्हणाली, "त्यापेक्षा आत्यासारखं नर्सिंग कर, जर्मनीला जाशील." तू म्हणालास, "हां, ते बरं." तिथेच विषय मिटला. सानू त्यानंतर फोनवर काही बोलली नाही. आठ दिवस झाले, तिचं ते गप्प होणं माझ्या डोक्यातून जात नाही.

दादा, मी नर्सिंग निवडलं असं घरात सगळे धरून चालतात. काय झालं होतं ते जरा आठव. २००३ साली मी दहावी झाले. गणितात दीडशेपैकी १३१ होते. पेढे वाटले, सरांनी घरी येऊन पाठ थोपटली. मग सायन्सचा विषय निघाला आणि सायन्स दापोलीला. पंधरा-सोळा किलोमीटर. प्रॅक्टिकल संपेपर्यंत संध्याकाळ, पावसात एसटी कधी येईल त्याचा नेम नाही. बाबा म्हणाले, "अंधारात स्टँडवर पोरगी उभी राहायला नको." दापोलीत खोली घेऊन राहायचं तर पैसे नव्हते. जवळ जे होतं तिथे फक्त आर्ट्स होतं, म्हणून मी आर्ट्सला गेले. गणिताचं पुस्तक आईने शेजारच्या पोराला देऊन टाकलं.

बारावीनंतर आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी सांगितलं की नर्सिंगच्या जीएनएम कोर्सला आर्ट्सचीही मुलगी चालते, सरकारी ठिकाणी हॉस्टेल आवारातच असतं आणि वर विद्यावेतन मिळतं. बाबांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो आठवतो का? हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं. सात वाजता, असं कळल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. फॉर्मवर सही माझी होती, पण माझं ठरलं ते त्या गेटवर. मला रक्त बघवेल का, माणसांचं दुखणं झेपेल का, हे कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

हे गाऱ्हाणं म्हणून लिहीत नाही. माझं काम मला मनापासून आवडतं. रात्रपाळीला एखादं म्हातारं माणूस माझा हात धरून झोपतं तेव्हा मला कुठे दुसरीकडे असावंसं वाटत नाही. पण हे आवडणं नंतर आलं, कामात बुडाल्यावर. आधी जे झालं त्याला निवड म्हणता येत नाही. म्हणून माझं नाव पुढे करून सानूचा रस्ता बंद झालेला मला सहन होणार नाही.

आणि तुझं तरी काय झालं? नववीत होतास. बाबांचा हात बोटीवरच्या जाळं ओढायच्या विंचमध्ये आला आणि पुढच्या आठवड्यात तू बोटीवर गेलास. मुलगा म्हणून ते तुझंच काम होतं, त्यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. तुझ्या चित्रकलेच्या वहीत बोटी असायच्या, कडेला सगळी मापं लिहिलेली. ती वही अजून आईच्या ट्रंकेत आहे. मला दापोलीला पाठवलं नाही आणि तुला शाळेत ठेवलं नाही. कारणं वेगळी होती, पण दोघांनाही कोणी विचारलं नव्हतं हे खरं. आपल्या वाडीत किती पोरांचं असं झालंय ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस.

यंदाचा दहावीचा निकाल वाचला. कोकण विभाग नेहमीसारखा पहिला, ९८.८२ टक्के. राज्यात मुली ९६.१४ टक्के पास झाल्या, मुलगे ९२.३१. वाचून अभिमान वाटला. मग वाडीतल्या मुली डोळ्यांपुढे आल्या. माझ्या वर्षीच्या आम्हा सातजणींपैकी दोघी शिक्षिका झाल्या, मी नर्स. बाकीच्या चौघींना अजूनही आपापले मार्क तोंडपाठ आहेत.

शाळेत दरवर्षी आपल्याला कर्व्यांची गोष्ट सांगायचे. हर्णैपलीकडच्या मुरूडचा मुलगा, पुढे त्याने १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं. मी त्यावर निबंधही लिहिला होता. पण ते विद्यापीठ माझ्यासारखीसाठीही असू शकतं, मासळीची पाटी डोक्यावर घेणाऱ्या आईच्या मुलीसाठी, हे एकदाही मनात आलं नाही. दापोलीचं कृषी विद्यापीठ तर एसटीच्या खिडकीतून कितीदा पाहिलं असेल. १९७२ पासून आपल्या तालुक्यात आहे. त्यांचंच मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून रत्नागिरीत शिरगावला आहे. मासळीवर पिढ्यानपिढ्या जगणाऱ्या आपल्या घरातलं कोणी तिथे शिकलं का? फाटक उघडंच होतं. पण तिथून शिकून आलेलं ओळखीचं माणूस वाडीत एकही नव्हतं, त्यामुळे तिथे जाता येतं हेच कोणाला सुचलं नाही. नर्सबाई मात्र ओळखीच्या होत्या. आपली पोरं बोटीवर, मुंबईला किंवा डीएडला का जातात, ते मला यातून कळतं.

इथे सगळं सुधारलेलं आहे असं समजू नकोस. इथे मुलं चौथी झाली की त्यांच्या शाळा वेगळ्या होतात. डॉक्टर-वकिलांची मुलं बहुतेक जिम्नॅजियमला, म्हणजे पुढे विद्यापीठात नेणाऱ्या शाळेत जातात, बंदरात राबणाऱ्यांची मुलं दुसऱ्या शाळेत. दहा वर्षांच्या पोराचं काय ठरतं ते बघून जीव कळवळतो. शाळेकडून कामाची ओळख करून घ्यायला आमच्या वॉर्डात मुलं येतात, त्यात जास्त मुलीच. मुलगे मोटारींच्या गॅरेजला. हे मोडावं म्हणून २००१ पासून इथे वसंतात एक दिवस मुलींना वर्कशॉपमध्ये नेतात, आणि २०११ पासून मुलग्यांना आमच्यासारख्या ठिकाणी. यंदा एक चौदा वर्षांचा पोरगा आला होता, ट्रक चालवणाऱ्याचा. एका आजींचा रक्तदाब मी त्याला मोजायला दिला. पट्टा इतक्या हळुवारपणे बांधला त्याने! जाताना मला म्हणाला, "बाबांना मी गॅरेजला गेलो होतो असंच सांगेन." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, दुसरं काय करणार.

आता सानूचं. मे महिन्यात इंजिन अडलं तेव्हा डिझेलच्या लायनीतली हवा तिने काढली, हे तूच मला कौतुकाने सांगितलंस. काळा धूर आला की एअर फिल्टर चोंदलाय की नोझल गेलंय, ते ती मिस्त्रीच्या आधी सांगते, हेही तूच म्हणालास. ज्या पोरीचं तू एवढं कौतुक करतोस, तिने तेच शिकायचं म्हटल्यावर तुला हसू का आलं? पोरीची जात, इंजिन शिकली तर स्थळ कोण आणणार, हे वहिनीच्या मनात असेल. वहिनी, तुझी काळजी मला कळते. पण हर्णैच्या मासळीच्या लिलावात तू उभी असतेस तेव्हा भाव आणि वजन तोंडी जुळवतेस, घरातल्या पैशाचा सगळा हिशेब तुझ्याकडे असतो. धंद्याचं डोकं बाईला नसतं असं तुझ्यासमोर कोणी म्हणेल का?

कठीण आहे, हे मी लपवणार नाही. २०२१ च्या एका अहवालाप्रमाणे जगातल्या जहाजांवरच्या माणसांत बायका शंभरात दीडसुद्धा नाहीत. पण १९९९ मध्ये, मी शाळेत असताना, सोनाली बॅनर्जी भारतातली पहिली बाई मरीन इंजिनिअर झाली होती. तेव्हा ही बातमी आपल्या घरी आली असती तर, असं मला सारखं वाटतं. सानूला जहाजावरच जायचं असेल असंही नाही. रत्नागिरीला सरकारी पॉलिटेक्निक आहे, दहावीनंतर तीन वर्षांचा मेकॅनिकलचा डिप्लोमा. मुलींना राखीव जागा असतात. गेल्या वर्षीपासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या बऱ्याच घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी शासन भरतं. आपल्याला कोणता दाखला लागतो ते तिथे जाऊन विचार, आणि तो आत्ताच काढून ठेव. जूनमध्ये तहसीलला रांग लागते.

हॉस्टेलचा आणि जेवणाचा खर्च मी करीन. त्यावर वाद घालू नकोस.

नारळी पौर्णिमेला महिना आहे. त्याआधी एक दिवस काढ आणि सानूला रत्नागिरीला घेऊन जा. वर्कशॉप बघू दे, तिथे शिकणाऱ्या मुलींशी बोलू दे. गेट किती वाजता बंद होतं तेही विचार, बाबांची आठवण म्हणून. तिथून आल्यावर तिने मासळीचं, नर्सिंगचं किंवा आणखी कसलं नाव घेतलं तरी मी आनंदाने ऐकेन. फक्त ते तिच्या तोंडून येऊ दे. आणि मिस्त्री इंजिन चढवायला येईल तेव्हा सानू शाळेत असेल तर त्याला थांबवून घे, ती आल्यावर संध्याकाळी बसवा म्हणावं.

आईचा गुडघा कसा आहे? मी सांगितलेले व्यायाम ती करत नसणार, सानूला लक्ष ठेवायला सांग. सुकट मिळाली, डबा उघडल्यावर अख्ख्या मजल्याला कळलं. ट्रंकेतली ती वही सापडली तर तिचे फोटो काढून पाठव. मला बघायची आहे.

तुझी,
बेबी