‘रोज घेतो का?’ हा प्रश्न अपुरा आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वाचनाचे व्यसन, कामाचे व्यसन, धावण्याचे व्यसन असे शब्दप्रयोग मथळ्यांत आता सर्रास दिसतात. दुसरीकडे, ज्याला खरोखर व्यसन जडले आहे त्याच्या घरी मात्र ‘तो काही रोज घेत नाही’ एवढ्यावर विषय मिटवला जातो. शब्द असा सैल झाला की उपचाराला उशीर होतो. म्हणून सवय आणि व्यसन यांतला फरक कसा ओळखावा, याविषयी थोडे तपशिलात लिहीत आहोत.

पहिली गल्लत होते ती दिवस मोजण्यात. रोज सकाळी दोन कप कॉफी घेणाऱ्याची कॉफी एकाएकी बंद झाली, तर साधारण १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते आणि २ ते ९ दिवसांत सगळे ओसरते. शरीराला सराव झाला होता, एवढाच त्याचा अर्थ. याउलट दोन-दोन महिने दारूला न शिवणारा, पण पहिला पेला हाती आला की बाटली संपेपर्यंत न उठणारा माणूस जास्त धोक्यात असतो. कॅलेंडरवर खुणा करून हे कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचे आजारांचे अकरावे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. नशेच्या पदार्थावरचे अवलंबित्व ओळखताना त्यात तीन गोष्टी पाहतात. कधी सुरू करायचे, किती घ्यायचे, कुठे थांबायचे यावरचा ताबा सुटणे ही पहिली. आरोग्य, काम, माणसे यांच्यापुढे तो पदार्थ जाऊन बसणे आणि नुकसान दिसत असूनही घेणे चालू राहणे ही दुसरी. शरीराने दाखवलेल्या खुणा ही तिसरी : तेवढ्याच परिणामासाठी जास्त मात्रा लागणे, बंद केल्यावर त्रास होणे, किंवा तो त्रास टाळण्यासाठी पुन्हा घेणे. तिन्हींपैकी दोन गोष्टी साधारण वर्षभर दिसल्या, किंवा रोज अथवा जवळजवळ रोज घेणाऱ्यात तीन महिने दिसल्या, तर निदान होऊ शकते.

यातला ताबा तपासणे सर्वांत अवघड, कारण ‘मनात आणले तर उद्या सोडेन’ हे वाक्य बोलणाऱ्याला खरेच वाटत असते. अनेक जण पुरावा म्हणून महिनाभर सोडूनही दाखवतात. त्यावर घरच्यांनी विसंबू नये. महिनाभराच्या संयमाला शेवटची तारीख असते आणि माणूस त्या तारखेकडे डोळे लावून दिवस ढकलतो. ताब्याची खरी कसोटी पहिल्या पेल्यानंतर, पहिल्या डावानंतर लागते.

त्यापेक्षा मर्यादेची परीक्षा जास्त सांगून जाते. सुरू करण्याआधी कागदावर आकडा आणि वेळ लिहायची : दोन पेले, नऊ वाजता बंद, किंवा खेळ पाऊण तास. नोंद त्याच वेळी करायची, दुसऱ्या दिवशी आठवून केली की आकडा हमखास कमी भरतो. असे चार आठवडे. मर्यादा एखाद्या वेळी मोडणे कुणाच्याही बाबतीत होईल. पाहायचे ते मोडल्यानंतर काय झाले. आकडाच वाढवून घेतला का? ‘आजचा दिवस वेगळा होता’ असे दिवस दर आठवड्याला येऊ लागले का? कागदावर कमी लिहिले गेले का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हो असेल, तर चार आठवडे थांबायचीही गरज नाही. मात्र ही परीक्षा निदानाची जागा घेत नाही. आणि ज्याने व्यसन सोडलेले आहे त्याने ती चुकूनही करू नये. पुन्हा सुरू होण्याची तीच वाट असते.

दारूच्या बाबतीत चार प्रश्नांची एक जुनी चाळणी आजही उपयोगी पडते. कमी करायला हवी असे कधी वाटले का? कुणी टोकले की राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटते का? सकाळी उठल्या उठल्या, हात स्थिर व्हावेत किंवा उतारा म्हणून घेतली आहे का? दोन होकार आले तर डॉक्टरांकडे जावे. ‘मला चढतच नाही, मी पचवतो’ हे तर लोक अभिमानाने सांगतात. प्रत्यक्षात मेंदू त्या मात्रेला सरावल्याची ती खूण आहे. यकृताला होणारी इजा त्यामुळे कमी होत नाही.

तंबाखूत दिवसाला किती सिगारेटी याहून झोपेतून उठल्यावर पहिली कधी, हे महत्त्वाचे. निकोटिनवरचे अवलंबित्व मोजण्याच्या प्रचलित चाचणीत पाच मिनिटांच्या आत असेल तर ३ गुण, अर्ध्या तासाच्या आत २, तासाच्या आत १, त्यानंतर शून्य. रक्तातले निकोटिन सुमारे दोन तासांत निम्मे होते, म्हणजे रात्रभरात ते तळाला गेलेले असते. डोळे उघडताच येणारी तलफ ही त्या रिकामेपणाची. बंद केल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात आणि त्रास साधारण दोन ते चार आठवडे राहतो. हे आधी सांगितलेले नसते, म्हणून पुष्कळ जण तिसऱ्या दिवशी ‘आपल्याला जमणार नाही’ म्हणून हार मानतात.

पदार्थाविनाही व्यसन जडते. वर उल्लेखिलेल्या वर्गीकरणात जुगार आणि डिजिटल खेळ यांचे विकार नोंदलेले आहेत. तिथेही किती तास एवढ्यावर निदान होत नाही. बुडालेले पैसे वसूल करायला त्याच दिवशी पुन्हा डाव लावणे आणि हरलेल्या रकमेबद्दल घरी खोटे बोलणे, या खुणा तासांपेक्षा बोलक्या आहेत.

उलट बाजूची चूकही होते. वेदनाशामक औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्या रुग्णाला मात्रा वाढवावी लागली, किंवा एखादा दिवस चुकल्यावर त्रास झाला, की घरचे घाबरून गोळ्याच बंद करतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३ च्या निकषांत एकूण ११ लक्षणे आहेत. वैद्यकीय देखरेखीखाली औषध घेणाऱ्याच्या बाबतीत ही दोन त्यात मोजत नाहीत.

आता आपल्याला एक विनंती. ‘दारू आजच सोडा’ असा मजकूर छापताना त्याच्याजवळच, ठळक अक्षरांत, हेही छापावे : बराच काळ रोज भरपूर पिणाऱ्याने ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. थांबवल्यावर ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास, ताप असा जिवावर बेतणारा टप्पा येऊ शकतो. झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्या एकदम सोडल्यानेही फिट येते. अशांनी आधी डॉक्टर गाठावा. औषधे देऊन काही दिवसांत हे सुरक्षितपणे पार पाडता येते. ज्याला पूर्वी असे थांबवताना फिट आली आहे, त्याने रुग्णालयात दाखल होऊनच थांबवावे.

आपले,
व्यसनमुक्ती समुपदेशकांचा एक गट