मीठ उडत नाही, हे आधी लक्षात घ्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत व्हेपच्या (म्हणजे ई-सिगारेटच्या) फ्लेवरवर लेख होता. लेख तसा बरा होता, पण शेवटी लेखकाने सहज लिहून टाकलंय की गोड फ्लेवरचा कंटाळा आल्याने लोक आता घरीच खारट, चटपटीत लिक्विड बनवायला लागलेत आणि खाण्याच्या दर्जाचे घटक वापरले की काही धोका नाही. या एका वाक्यासाठी पत्र लिहायला बसलोय. मी बावीस वर्षं खाण्याचे फ्लेवर मिसळायचं काम केलं, चीज, बटर, स्मोक, मशरूम सगळं हाताखालून गेलंय, आणि "खाण्याच्या दर्जाचं" या शब्दाचा अर्थ काय आणि काय नाही हे मला चांगलं माहितीये. तो शिक्का पोटासाठी असतो. पोटात आम्ल आहे, पुढे लिव्हर आहे, बऱ्याच गोष्टी तिथे मोडून निघतात. फुफ्फुसात असलं काही नाही, जे आत गेलं ते थेट पातळ पडद्यावर जाऊन बसतं. फ्लेवर बनवणाऱ्यांची अमेरिकेतली जी संघटना हे खाण्याचे शिक्के ठरवते, तिनेच सांगून ठेवलंय की आमचा शिक्का व्हेपला लागू होत नाही.

आता मिठाचं. माझा भाचा सिगारेट सोडून व्हेपवर आला, त्याबद्दल मी त्याला काही बोललो नाही, पण एक दिवस त्याचा फोन आला, मामा कॉइल (लिक्विड तापवणारी तार) दोन दिवसांत जळतीये, काय करू. विचारलं तर म्हणे कॅरॅमलच्या लिक्विडमध्ये चिमूटभर मीठ विरघळवलंय, सॉल्टेड कॅरॅमल पाहिजे होतं. विरघळतं हो, ग्लिसरीनमध्ये मीठ बऱ्यापैकी विरघळतं, तिथेच माणूस फसतो. पण विरघळणं वेगळं आणि वाफ होणं वेगळं. कॉइल चालते साधारण २०० ते २५० अंशांवर आणि मीठ नुसतं वितळायलाच ८०१ अंश लागतात, उकळायला १४०० च्या वर. म्हणजे पीजी-व्हीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, लिक्विडचा पाया) उडून जाणार आणि मीठ तिथेच बसणार, लिक्विड शोषणाऱ्या कॉटनमध्ये आणि तारेवर, कडक कवच होऊन. वर मिठातलं क्लोराइड गरम धातूला खातं, स्टीलला सुद्धा बारीक बारीक खड्डे पाडतं, आणि कॉइलच्या तारेत क्रोमियम आणि बऱ्याचदा निकेल असतं जे तसंही थोडं थोडं वाफेत सापडलेलं आहे. ते वाढवायची हौस कशाला.

बरं एवढं करून चव येते का, तर नाही. खारटपणा हा वास नाहीये. जिभेवरच्या पेशींत सोडियम शिरलं की खारट लागतं, बास, सोडियम जिभेला लागलं नाही तर खारट नाही. उमामीचंही तेच, इकेदा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये ती चव ग्लुटामेटची आहे हे शोधून काढलं, आणि ग्लुटामेट पण उडत नाही, गरम केलं की जळतं. व्हेपमध्ये आपण ज्याला चव म्हणतो ती जवळजवळ सगळी नाकाची करामत असते, तोंडातून मागच्या बाजूने नाकात जाणारा वास. गोड फ्लेवर व्हेपमध्ये इतके जमतात कारण ग्लिसरीन स्वतःच गोड आहे, पाया तयारच मिळतो. खारटाला तो पाया नाही, उलट गोडाशी भांडावं लागतं.

(जाता जाता: बाटलीवर "निकोटिन सॉल्ट" लिहिलेलं असतं त्याचा मिठाशी संबंध नाही. निकोटिनमध्ये बहुतेक वेळा बेंझोइक ॲसिड मिसळून घशाला सौम्य केलेलं असतं ते. भाच्याला पण आधी वाटलं होतं की त्यात मीठ असतंच, मग मी अजून थोडं टाकलं तर काय.)

भाच्याने मग वकिली केली. म्हणाला दवाखान्यात नेब्युलायझरने मिठाचं पाणीच देतात ना फुफ्फुसात. प्रश्न चांगला होता हे मान्य. पण ते निर्जंतुक पाणी असतं, मोजून मीठ घातलेलं, मध्ये तापलेली तार नाही, जळणं नाही, आणि डॉक्टर समोर असतो. त्यातही जरा तीव्र मिठाचं पाणी देतात ते कफ सुटून खोकला यावा म्हणूनच देतात आणि दम्याच्या माणसाची श्वासनळी त्याने आवळू शकते म्हणून लक्ष ठेवतात. हा दिवसभर दोनशे पफ मारणार, त्याच्यावर कोण लक्ष ठेवणार.

मग खारट-चटपटीत व्हेप होऊच शकत नाही का? होतो, पण मिठाने नाही, वासाने. आमच्या धंद्यात हे जुनं आहे की काही वासांची मेंदूने खारटाशी गाठ बांधलेली असते, भाजलेलं, धुरकट, चीजचं, मशरूमचं काही नाकात गेलं की जिभेला खारटाचा भास होतो. भाजलेल्याचा वास बराचसा पायराझिन नावाच्या कुटुंबातून येतो, त्यातलं ॲसिटाइल पायराझिन घरी मिसळणाऱ्यांना माहीत असतं, पॉपकॉर्नसारखं, भाजलेल्या दाण्यासारखं. पण ते इतकं तगडं असतं की पीजीमध्ये आधीच पाच टक्क्यांपर्यंत पातळ केलेलं विकतात आणि तेही थेंबाने घालायचं, जास्त झालं की सगळी बाटली मक्याच्या चिप्सचा वास मारते. मशरूमचा वास ऑक्टेनॉलचा, उकडलेल्या बटाट्याचा मेथिओनालचा, लसणाचा आणि मांसाचा गंधकाच्या रेणूंचा. या गंधकवाल्यांशी मी तरी घरी खेळणार नाही. लॅबमध्ये आम्ही ते हजारात एक, त्याच्या परत हजारात एक असे पातळ करत जायचो तरी अख्ख्या मजल्याला कळायचं आज काय चाललंय. आणि हे सगळे वास खाण्यात जुने असले तरी वर्षानुवर्षं तापवून श्वासातून घेतले तर काय होतं याचा अभ्यास फार थोडा आहे, तेव्हा "सुरक्षित" हा शब्द मी यातल्या कशालाच लावणार नाही, कमी वाईट म्हणेन.

जे नकोच ते मात्र ठामपणे सांगता येतं. पहिलं तेल. स्वयंपाक येणाऱ्या माणसाच्या डोक्यात खारट-तिखट म्हटलं की आधी तेल येतं, लसणाचं तेल, मिरचीचं तेल, लोणी, चरबी. तेलाची वाफ होत नाही, बारीक थेंब होऊन फुफ्फुसात जातात आणि तेलाने होणारा न्यूमोनिया हा खरा आजार आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपवाल्यांच्या फुफ्फुसाच्या आजाराची जी साथ आली तिच्यात फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ माणसं दवाखान्यात गेली किंवा दगावली, त्यात ६८ मृत्यू, आणि मुख्य संशयित निघालं व्हिटॅमिन ई ॲसिटेट, गांजाच्या व्हेपच्या कार्ट्रिजमध्ये (लिक्विड भरलेल्या नळ्यांत) भेसळ म्हणून घातलेलं तेलकट द्रव्य. तेच व्हिटॅमिन गोळीतून खातात लोक, क्रीममधून लावतात, काही होत नाही. माझा मुद्दा याहून सोपा करून सांगता येणार नाही.

दुसरं बटर आणि चीज. बटरचा वास म्हणजे डायअसिटाइल. २००० साली मिसुरी राज्यात जॅस्पर गावच्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातले आठ जुने कामगार एकाच दुर्मिळ आजाराने पुढे आले, फुफ्फुसातल्या बारीक नळ्या जखमेच्या वणासारख्या आकसून जातात आणि परत उघडत नाहीत. हे लोक पॉपकॉर्न खाऊन आजारी नाही पडले, बटर फ्लेवरच्या टाकीशेजारी श्वास घेऊन पडले. मी तेव्हा याच धंद्यात होतो आणि ती बातमी आली तेव्हा आमच्याकडे मास्कची चर्चा पहिल्यांदा झाली, त्याआधी आम्ही बिनधास्त बरणीत नाक घालायचो. मग कंपन्यांनी डायअसिटाइल काढून पेंटेनडायोन आणलं, तर ते त्याचं सख्खं भावंडच निघालं. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेने २०१६ मध्ये मर्यादा सुचवली ती अशी: आठ तासांच्या सरासरीने हवेत डायअसिटाइल एक अब्ज भागांत ५ भाग, पेंटेनडायोन ९.३. तिसरं त्यांचं नातलग ॲसिटोइन, ते स्वतः जरा गरीब आहे पण बाटलीत पडून राहिलं की त्याचंच हळूहळू डायअसिटाइल होतं, आणि घरी लिक्विड बनवणारे तर ते मुरायला आठवडे आठवडे ठेवतात! सिगारेटच्या धुरात डायअसिटाइल व्हेपपेक्षा जास्त असतं असं कोणी म्हणेल, खरं आहे, पण सिगारेट सोडली ती काय त्याच्यातलंच एक परत विकत आणायला का. तेव्हा बटर, चीज, क्रीम म्हणून कॉन्सन्ट्रेट (दाट फ्लेवर) घेताना हे तिन्ही नाहीत असा तपासणीचा कागद मागायचा, नसेल तर बाटली ठेवून द्यायची.

धुराचा फ्लेवर, म्हणजे लिक्विड स्मोक, हाही नको. तो खरोखर लाकूड जाळून धरलेला धूर असतो. युरोपने २०२४ मध्ये असल्या आठ स्मोक फ्लेवरची परवानगी पुढे वाढवली नाही, कारण पेशीतल्या डीएनएला इजा होईल ही शंका काही दूर करता आली नाही, आणि ते खाण्यासाठी होतं. मिरचीबद्दल तर बोलायलाच नको, तिचा तिखट रेणू डॉक्टर लोक खोकला मुद्दाम काढून बघायला वापरतात. सोया सॉस, सूपचे क्यूब, मसाला भिजवून केलेला अर्क, यात साखर, प्रोटीन, स्टार्च असतं, कॉइलवर करपून कोळसा होतो आणि पाणी असेल तर बाटलीत बुरशी.

भाच्याने शेवटी काय केलं ते सांगतो. मीठ बंद, मूळ कॅरॅमलही बंद कारण त्याचा कागद मिळाला नाही. आता पीजीवर केलेला भाजलेल्या दाण्याचा एकच फ्लेवर घालतो, एकूण दोन-तीन टक्क्यांच्या वर नाही, थेंब मोजत नाही तर ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर वजन करून, आणि निकोटिन हाताळताना हातमोजे घालतो कारण ते कातडीतून आत जातं, बाटली लहान मुलाच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात. पॉवर कमी ठेवतो, कॉटन कोरडा पडू देत नाही, कारण कोरड्या कॉइलवर पीजी-व्हीजीचंच फॉर्मल्डिहाइड आणि ॲक्रोलिन होतं, फ्लेवर कुठलाही असो. आणि खारट खायची हुक्की आली की खारट काहीतरी खातो. ही आयडिया त्याचीच, माझी नाही.

लेखकाने ते एक वाक्य पुढच्या अंकात दुरुस्त करून छापावं एवढी विनंती. आणि जो कधी ओढतच नव्हता त्याने फ्लेवर चाखायला म्हणून सुरू करू नये हे पण त्यातच घातलंत तर जागा फार जाणार नाही.

आपला,
एक जुना फ्लेवरवाला वाचक