बेचक्यावरचा रॉड आणि हातातला रॉड

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी लागली की आमच्या अनगोळ भागातल्या पोरांना गळाचं वेड लागतं. आमच्या वेळी चिव्याची काठी, हातभर तंगूस आणि तरंगायला मोरपिसाचा देठ एवढ्यावर भागायचं. आता पोरं मोबाइल पुढे धरून विचारतात, "काका, हा बास रॉड नऊशेचा, हा साडेतीन हजारांचा, हा बारा हजारांचा. दिसायला तर सगळे सारखेच. मग फरक कशाचा?" मी उद्यमबागेत लेथवर नोकरी संपवलेला माणूस. नळी, जोड आणि घासून झिजणारी कडी यांच्याशीच आयुष्यभर संबंध आला, तेव्हा या विषयावर बोलायला हरकत नसावी. गल्लीत एकेकाला सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून आपल्या पत्रव्यवहाराच्या सदराला तसदी देतो.

आधी बासबद्दल. हा मासा मुळात उत्तर अमेरिकेतला. १९२५ साली तो जपानात नेऊन सोडला आणि तिथं इतका माजला की पुढे सरकारला उपद्रवी परक्या जिवांविरुद्धच्या कायद्यात त्याचं नाव घालावं लागलं. १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात दहा किलोंचा बास गळाला लागला होता. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं, आणि तीही झाली जपानच्या बिवा तलावात. आपल्या घटप्रभेत, मलप्रभेत किंवा मार्कंडेयात बास नाही. कुणी हौसेनं आणून सोडूही नये. बाहेरून आलेल्या चिलापी माशानं तळ्यातळ्यांत जो पसारा मांडलाय तेवढा पुरे.

मग बासचा रॉड आपल्याला कशाला? तर मरळीसाठी. दोघांचे स्वभाव जुळतात. बास पाणगवतात दबा धरून बसतो आणि पुढून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. मरळ तेच जलपर्णीखाली करते. दोघंही पिल्लांची राखण करतात. मरळीचं तोंड हाडाचं, कडक. त्यात गळ रुतवायला काठीत जोर लागतो, आणि लागलेली मरळ गवतात शिरायच्या आत बाहेर ओढावी लागते. म्हणून अमेरिकेत दाट गवतातल्या बाससाठी जो रॉड वापरतात तो आपल्याकडे आमिष म्हणून रबरी बेडूक फेकायला बरोबर बसतो. चोर्ल्याच्या घाटानं गोव्यात उतरून खाडीत चोनकाच्या मागे लागणारे आमचे काही मित्रही असलाच रॉड नेतात. (खाऱ्या पाण्यातून आलेला रॉड घरी गोड्या पाण्यानं धुवा. नाहीतर दोरा ओवायच्या रिंगांना महिन्याभरात गंज चढेल.)

किंमत बघण्याआधी स्वतःला एक गोष्ट विचारायची. रॉड तुम्ही बेचक्यावर ठेवणार, की हातात धरणार?

हिडकलच्या फुगवट्यावर कटला-रोहूसाठी बसणारी मंडळी शेंगपेंड घालून मळलेली कणीक गळाला लावतात, रॉड बाभळीच्या बेचक्यावर टेकवतात, शेंड्याला घुंगरू बांधतात आणि डबा उघडून भाकरी खायला बसतात. घुंगरू वाजलं की उठायचं. त्यात कमीपणा काहीच नाही, मीही तेच करतो. पण बासची किंवा मरळीची शिकार तशी होत नाही. फेकायचं, ओढायचं, परत फेकायचं, सकाळ संपेपर्यंत हेच. रॉड सारखा हातात. अशा वेळी शंभर ग्रॅम जास्तीचे मनगटाला कळतात, आणि पाण्याखाली आमिष काडीला घासलं की माशानं चोखलं हे दांडीतूनच समजून घ्यावं लागतं. रॉडची किंमत वाढत जाते ती मुख्यतः या दोन गोष्टींसाठी, हलकेपणा आणि हाताला होणारी जाणीव. बेचक्याला कसलीच जाणीव होत नाही. तिथं बारा हजारांचा रॉड टेकवणं म्हणजे बैलगाडीला विमानाची चाकं लावणं.

आता पैशाकडे येऊ. पाचशे ते हजारात मिळतो तो बहुतेक फायबरग्लासचा, दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा रॉड. जड, वाकायला ढिला, रिंगा पातळ पत्र्याच्या. तरीही दहा-बारा वर्षांच्या पोराला मी हाच घ्यायला सांगेन. काच-तंतूची दांडी मार सोसते. पोरगं ती दगडावर आपटणार, तिच्यावर बसणार, सायकलच्या कॅरियरला बांधणार, आणि शेवटी मोडली तरी घरात भांडण होणार नाही. काचेला कमी लेखायचं कारण नाही. अमेरिकेत शेक्सपियर कंपनीचा अग्ली स्टिक १९७६ पासून विकला जातो. काच आणि कार्बन मिसळून केलेला, तिकडे साधारण पन्नास डॉलरचा, आणि लवकर मोडत नाही म्हणूनच त्याचं नाव झालं.

खरा विचार करायचा तो दोन ते साडेचार हजारांच्या टप्प्यात. इथं चांगला माल आणि रंगवलेला माल एकाच खुंटीवर टांगलेला असतो. दुकानदार कन्नडमध्ये म्हणतो, "छलो ऐत्री, तगोळ्री" (चांगला आहे, घ्या), आणि आपण दांडीवरचं सोनेरी '९९ टक्के कार्बन' वाचून भुलतो. त्या आकड्यात कार्बन किती ते कळतं, कोणत्या प्रतीचा ते कळत नाही. लोखंड म्हटलं की बीडही आलं आणि स्प्रिंगचं पोलादही आलं, तसाच हा प्रकार. तो आकडा सोडून द्या आणि मुठीच्या वर बारीक अक्षरांत छापलेली ओळ वाचा. तिथं लांबी असते, ताकद असते (लाइट, मिडियम, मिडियम हेवी), दांडी कुठं वाकते ते असतं (फास्ट म्हणजे फक्त वरच्या भागात, मॉडरेट म्हणजे मध्यापर्यंत), दोरा किती पौंडाचा आणि आमिष किती औंसाचं तेही असतं. औंस म्हणजे २८ ग्रॅम. रबरी बेडूक साधारण १० ते १८ ग्रॅमचा, तेव्हा ३/८ ते १ औंस लिहिलेला मिडियम हेवी रॉड त्याला पुरतो. तीन ग्रॅमचं आमिष या रॉडनं फेकलं तर पायाशी पडेल, आणि लाइट रॉडनं बेडूक फेकला तर शेंडा नुसता लोंबत राहील. ही ओळच छापलेली नसेल तर रॉड परत खुंटीवर अडकवा, मग तो कितीचाही असो.

त्यानंतर रिंगा. मरळीसाठी हल्ली सगळे विणलेला दोरा, म्हणजे ब्रेड, वापरतात. नरम धातूच्या रिंगेत तो करवतीसारखा घासतो, काही दिवसांत रिंगेत खाच पडते आणि मग तीच खाच दोरा कापते. म्हणून रिंगेच्या आत सिरॅमिकचं कडं हवं. ॲल्युमिनियम ऑक्साइडचं चालतं, सिलिकॉन कार्बाइडचं त्याहून कठीण. फुजी या जपानी कंपनीच्या रिंगा चांगल्या म्हणून ओळखल्या जातात, पण नाव बघून थांबू नका. घरून कापसाचा बोळा घेऊन जा आणि प्रत्येक रिंगेतून हलकेच फिरवा. कुठं एखादा तंतू अडकला तर तिथं चीर आहे. चीर डोळ्याला दिसत नाही, कापसाला सापडते. आमच्या गल्लीतल्या एका पोराच्या नव्याकोऱ्या रॉडची तिसरी रिंग अशीच निघाली. दोरा दर वेळी त्याच अंतरावर तुटायचा आणि हा बिचारा गाठीला दोष देत बसला होता. सात फुटी रॉडला शेंड्याची धरून आठेक रिंगा असाव्यात. कमी असतील तर दांडी वाकल्यावर दोरा दांडीला घासतो. दुकानातच दोरा ओवून टोक सोबत्याच्या हातात द्या, बेतानं ओढायला सांगा आणि बाजूनं बघा.

मग जोड. आपल्याला बसनं किंवा मोटरसायकलवरून जायचं असतं, तेव्हा दोन तुकड्यांचाच घ्या. एकसंध सात फुटी रॉड घेऊन खानापूरच्या बसमध्ये चढून दाखवा म्हणजे कळेल. दोन्ही तुकडे जोडून हलकेच हलवले की टकटक जाणवता कामा नये, आणि घुसवताना अर्ध्यातच करकचून अडकता कामा नये. आम्ही शाफ्ट आणि बुश बसवताना जे बघतो तेच. जोडावर मेणबत्तीचं थोडं मेण चोळलं तर तो पकडही धरतो आणि सुटतोही नीट. मग रॉड डोळ्यापुढे धरून एका रेषेत बघायचा. सगळ्या रिंगा एकामागे एक दिसल्या पाहिजेत. शेवटी स्वतःचं रीळ नेऊन बसवून बघा. आटे आवळल्यावर रीळ हाताला हललं तर तो रॉड नको, कारण हा ढिलेपणा वापरानं वाढतच जातो. मुठीला बूच असो की फोम, मला फरक पडत नाही.

रीळ दांडीखाली लटकतं तो स्पिनिंग रॉड, वर बसतं तो कास्टिंग. नवख्यानं स्पिनिंगच घ्यावा. कास्टिंगच्या रिळावर अंगठ्याचा ताबा बसेपर्यंत दोऱ्याचा नुसता गुंता होतो आणि सकाळ तो सोडवण्यातच जाते.

आठ-दहा हजारांच्या पुढच्या रॉडबद्दल थोडक्यात सांगतो. तिथं कार्बन जास्त ताठ असतो, त्यामुळे दांडीची भिंत पातळ ठेवता येते आणि रॉड हातात असल्यासारखा वाटत नाही. सुख आहे, नाकारत नाही. पण पातळ भिंत ओढ सोसते, टोला सोसत नाही. बसच्या दारावर एकदा आपटला तर त्या वेळी काही दिसणार नाही, पुढच्या माशाला मात्र तिथंच काडकन मोडेल. काठावर आलेला मासा रॉड उभा धरून उचलला तरी शेंडा जातो, मग तो कितीही महागाचा असो. अमेरिकेत काही कंपन्या मोडलेला रॉड बदलून देतात, म्हणून तिकडच्या माणसाला दोनशे-चारशे डॉलर घालायला धीर होतो. इथं मोडका रॉड कुरियरनं कुठं पाठवणार आणि वाट किती बघणार? सतत फेकणारा, रॉड कापडी पिशवीत घालून वर नळीत ठेवणारा माणूस असेल त्यानं जरूर घ्यावा. बाकीच्यांनी सात फुटी, दोन तुकड्यांचा, मिडियम हेवी, फास्ट असा साडेतीन हजारांच्या आसपासचा रॉड बघावा आणि उरलेले पैसे रिळात आणि चांगल्या दोऱ्यात घालावेत. बेचक्यावाल्यांनी पंधराशेच्या वर जाऊ नये.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, आणि हे पत्र लिहिण्याचं निम्मं कारण तेच आहे. कार्बनमधून वीज वाहते. आपल्या ऊसपट्ट्यात कालव्याच्या आणि नदीच्या काठानं पंपांसाठी तारा गेलेल्या असतात, कुठं कुठं झोळ पडून खाली आलेल्या. कणकेच्या गळासाठी हल्ली चार-साडेचार मीटरचे कार्बनचे सरकते रॉड निघालेत. असला रॉड उभा धरून तारेखालून चालणं किंवा मागे न बघता फेकायला उचलणं जिवावर बेतू शकतं, कारण तारेला टेकायच्या आधीही ठिणगी उडी घेऊ शकते. वळवाचा गडगडाट सुरू झाला की रॉड आडवा ठेवून काठावरून दूर व्हावं. चिव्याच्या काठीनं ही काळजी कधी करायला लावली नव्हती, त्यामुळे घरातल्या मोठ्यांनाही हे ठाऊक नसतं.

तळं सोसायटीनं किंवा ठेकेदारानं लिलावात घेतलेलं असतं, तेव्हा आधी विचारून बसावं. आणि पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला तर खाली मरळीची जोडी राखणीला असते. तिथं बेडूक टाकू नये. ती रागानं लगेच धरते, पण मग पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात जातात.

आपल्या दैनिकामार्फत शहरातल्या आणि निपाणी, चिकोडी, गोकाककडच्या दुकानदारांना एवढंच सांगणं आहे. ज्या रॉडवर ताकद, दोरा आणि आमिषाचं वजन छापलेलं नाही तो मागवू नका. गिऱ्हाइकानं रिंगेत कापूस फिरवला तर तोंड वाकडं करू नका. आणि कार्बनच्या प्रत्येक रॉडला विजेच्या तारेची सूचना लिहिलेली चिठ्ठी बांधा. ती कन्नडमध्येही हवी आणि मराठीतही, कारण कालव्यावर दोघंही शेजारी शेजारीच बसतात.

आपला,
एक निवृत्त टर्नर
अनगोळ, बेळगाव